‘सुगी झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्या माणसाला दवाखान्यात कसं न्यायचं

आत्या भाकरी करत होती आणि मी चुलीपाशी शेंगा फोडत बसले होते. तव्यावरची भाकरी ती नेहमी बोटांनीच उलटते. त्या दिवशी उलटली, पण बोटं तव्याला टेकली ती तिथंच राहिली. मला आधी वास आला. मी ओरडून तिचा हात ओढला, तर ती माझ्याकडे बघत म्हणाली, “काय झालं गं?” करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींची टोकं पांढरी पडली होती आणि तिला पत्ताच नव्हता. हात दारातल्या उजेडात धरला तेव्हा दिसलं, ती दोन बोटं सरळच होत नव्हती. बाही वर सारली. कोपराच्या मागच्या अंगाला तळहाताएवढा फिकट चट्टा.

“हा कधीपासून?”

“झाल्या असतील की तीन सुग्या. दुखत नाही, खाजत नाही. काय करायचंय त्याला?”

मी दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीनेकाठच्या एका गावात आशा म्हणून काम करते. दर वर्षी कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत दारोदार फिरून ‘अंगावर चट्टा आहे का’ म्हणून विचारते. आत्याच्या घरी गेले की मात्र मी भाची असते. तीन दिवाळ्या तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि तो हात कधी नीट बघितला नाही. तेव्हापासून मी जे शिकले ते इथं लिहिते आहे. नव्यानं काम करणाऱ्या आशाताईंसाठी आहे, तसंच घरात आई, सासरा, चुलता दुखणं अंगावर काढतोय आणि काय करावं सुचत नाही अशा कुणासाठीही आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनातून काढा. ‘खेड्यातली माणसं अडाणी, त्यांना कळत नाही म्हणून उशिरा येतात’ हे मी बैठकांमधून इतक्यांदा ऐकलं आहे की आता ऐकवत नाही. न येण्याचं प्रत्येकाचं एक कारण असतं, आणि त्याच्या जागी बसून बघितलं तर ते कारण बहुतेक वेळा खरं असतं. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय हे शोधायच्या आधी ‘चल दवाखान्यात’ म्हणालात, तर तो माणूस मान हलवेल आणि येणार नाही.

आधी चट्टा बघायला शिका

कुष्ठरोगाचा चट्टा फिकट, लालसर किंवा तांबूस असतो. खाजत नाही, दुखत नाही. बऱ्याचदा त्यावर घाम येत नाही, केस विरळ होतात, आणि तिथं स्पर्श कळत नाही. ही शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. कोड पांढरंशुभ्र असतं, पण तिथं हात लावलेला कळतो. गजकर्ण खाजतं, कडेनं उठतं. शिबं उन्हाळ्यात घामानं वाढतं आणि त्यावर भुसा धरतो. जन्मापासूनचा डाग सोडून द्या.

तपासायचं ते दिवसाच्या उजेडात. बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचं, टोचायचं नाही. आधी चांगल्या कातडीवर टेकवून दाखवा, म्हणजे माणूस घाबरत नाही. मग डोळे मिटायला सांगा आणि जिथं कळेल तिथं स्वतःच्या बोटानं दाखवायला सांगा. आत्याच्या चट्ट्यावर मी तीनदा टेकवलं. ती डोळे मिटून वाट बघत बसली होती. म्हणाली, “लाव की.”

मात्र चट्ट्यावर स्पर्श कळतो म्हणजे कुष्ठरोग नाहीच, असं समजू नका. काहींचं अंग नुसतंच तेलकट, चकचकीत दिसतं, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात, गाठी येतात. अशा माणसाला स्पर्श कळत असतो, आणि जंतू त्याच्याच अंगात जास्त असतात. हातापायाला मुंग्या, पायातली चप्पल निसटलेली न कळणं, डोळा पुरता न मिटणं, हीही लक्षणंच. पाठ, कंबर, मांड्या बघितल्याशिवाय तपासणी झाली असं म्हणू नये. म्हणूनच आमच्या मोहिमेच्या जोडीत एक बाई आणि एक पुरुष असतो. पुरुषांनी सदरा काढायला लाजू नये, आणि बाईला बाईनंच बघावं.

इतकं झालं की तुमचं काम संपलं. ‘हा तोच आजार’ असं तुम्ही म्हणायचं नाही, ते डॉक्टर म्हणतील. बहुतेक वेळा डॉक्टरही कातडी आणि नसा तपासूनच निदान करतात. त्यामुळे रक्ताच्या महागड्या तपासण्यांवर आधीच पैसे घालवायची गरज नसते.

कुठं अडलंय ते कसं काढायचं

मी सरळ विचारत नाही. भाजी निवडता निवडता, शेळी बांधता बांधता विचारते, “समजा उद्या गेलीस, तर मागं काय खोळंबेल?” या एका प्रश्नानं मला जितकं कळलं तितकं कुठल्या फॉर्मवरच्या रकान्यानं कळलं नाही.

पहिलं उत्तर येतं ते म्हणजे दुखत नाही. आमच्याकडे दुखणं म्हणजे दुखणं. जे दुखत नाही त्याच्यासाठी कुणी दिवसाची मजुरी बुडवत नाही, आणि ते चुकीचंही नाही, कारण शेकडो डाग असेच आले नि गेले. इथं मी भीती घालत नाही. बॉलपेनचं टोकच दाखवते. त्या बाईचा स्वतःचा हात, तिचे मिटलेले डोळे, आणि शेजारी बसलेल्या लेकीला दिसणारं पेन. लेक सांगते, “आई, लावलंय की गं.” त्यानंतर मला फार बोलावं लागत नाही. एवढंच सांगते की न दुखणं हीच या आजाराची खूण आहे. जंतू नसांत बसतो, नस मरते, आणि मग भाजलं, कापलं, काटा मोडला तरी कळत नाही. बोटं झडतात ती आजारानं नव्हे, न कळलेल्या जखमा चिघळून. आणि एक हिशेब सांगते: नस अधू होऊन सहा महिने झाले नसतील तर औषधानं ताकद परत यायची बरीच आशा असते. पुढं ती कमी होत जाते. आत्याच्या त्या दोन बोटांची वेळ निघून गेली होती.

दुसरं अडणं कामाचं. ‘सुगी होऊ दे’ हे टाळणं नसतं. फेब्रुवारी-मार्चात ज्वारी काढायला आली की चार दिवस गेले तरी कणसं पाखरं खातात, नाहीतर अवकाळी पावसात सापडतात. बिडी वळणाऱ्या बाईचा हिशेब हजारावर असतो. ती दवाखान्याच्या रांगेत बसली तर त्या दिवसाच्या बिड्या दुसरं कुणी वळून देणार नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. नवराबायको मिळून एक कोयता, डोक्यावर उचल, आणि एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. दसरा-दिवाळीला गेलेली टोळी मार्च-एप्रिलला परतते. सहा महिने तिला ना गाव, ना आशा.

अशा माणसाला ‘जीव महत्त्वाचा की काम’ असं कधी म्हणू नका. जिवासाठीच तो काम करतोय. त्याच्या दिवसात जागा शोधा. आमच्याकडे मी बाजाराचा दिवस धरते, कारण त्या दिवशी अर्धं गाव तसंही कामावर जात नाही. टोळी निघायच्या आधीचा आठवडा मी मोकळा ठेवते आणि जाणाऱ्या प्रत्येकाला एकदा बघून घेते. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं: बाहेरगावी जाणाऱ्या पेशंटला पुढच्या महिन्यांची औषधाची पाकिटं एकदम देण्याची सोय आहे. ती मागावी लागते. ‘हा तोडीला चाललाय, मार्चपर्यंत येणार नाही’ असं तोंडानं सांगा आणि सोबत त्याच्या घरातलं एक जबाबदार माणूस न्या, म्हणजे ‘रोज गोळी घेतो का हे मी बघते’ म्हणायला कुणीतरी असेल.

पैशाचं अडणं वाटतं त्यापेक्षा लहान असतं, पण कुणी बोलून दाखवत नाही. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वर, केसपेपरचेही पैसे नाहीत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीटच नाही. वडापच्या खासगी जीपमध्ये मात्र पूर्ण भाडं. हे सगळं आधी सांगा. ‘खर्च किती येईल’ असं विचारायची लाज वाटते म्हणून न गेलेली माणसं मी बघितली आहेत.

आता नावाचं. ‘रक्तपिती’, ‘महारोग’ हे शब्द आमच्याकडे अजून जिवंत आहेत, आणि घरात लग्नाची पोरगी असेल तर ते शब्द दवाखान्यापेक्षा मोठे होतात. आत्याचं घोडं इथंच पेंड खात होतं. चट्टा तिला कळत होता. तिनं तो तीन वर्षं लांब बाहीखाली ठेवला, कारण नातीचं जमत आलं होतं. ती मला म्हणाली, “मी अशीच गेले तरी चालेल, पण तिच्या अंगाला हे नाव चिकटायला नको.” याला मी अडाणीपणा कसा म्हणू?

अशा वेळी मी तीन गोष्टी सांगते, त्याही घरातल्या त्याच माणसाला ज्याचा शब्द चालतो. एक, हा आजार वंशानं येत नाही. जंतू आहे, हॅन्सेन नावाच्या डॉक्टरांनी तो १८७३ मध्येच शोधून काढला. शंभरातल्या ९५हून जास्त माणसांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद उपजतच असते. दोन, औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होत नाही. म्हणजे लपवलेला आजार घराला धोका, आणि उपचार चालू असलेला नाही. ताटवाटी, अंथरूण वेगळं करायची गरज नाही. तीन, कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागता येतो हे कायद्यातलं कलम २०१९ मध्ये काढून टाकलं आहे. ही तिसरी गोष्ट सासरच्या माणसांसमोर फार उपयोगी पडते.

आणि स्वतःचं तोंड सांभाळा. ज्या घरात चट्टा सापडला तिथं मी मुद्दाम लगेच दुसऱ्यांदा जात नाही. गेले तर आधी शेजारच्या दोन घरांत जाते, पोरांचं लसीकरण विचारते, मग त्या घरात शिरते. माझ्या अंगावरची आशाची साडी बघूनच गाव हिशेब लावतं. आमच्या भागात निम्म्या घरांत कानडी बोलतात. ज्या घरात जी भाषा चालते तीत, हळू आवाजात बोला. आपल्या भाषेत ऐकलेलं कागदावरच्या सूचनेसारखं वाटत नाही.

देवऋषाशी भांडू नका. माणूस त्याच्याकडे गेला तो घाबरून गेला, आणि तिथं त्याचं कुणीतरी नीट ऐकून घेतलं. आमच्या पंचक्रोशीतल्या एका देवऋषाकडे मी स्वतः गेले, त्याच्या नातवाचा डोस राहिला होता त्या निमित्तानं. बसले, चहा घेतला आणि म्हणाले, “मामा, अंगारा तुम्ही द्या. फक्त चट्टा बधिर असला तर माझ्याकडे धाडा.” त्यानंतर त्याच्याकडून दोन माणसं आली. दोघांना आजार निघाला.

याहून अवघड गाठ म्हणजे जो एकदा गेला होता आणि हात हलवत परतला. कुणाला डॉक्टर भेटले नाहीत, कुणाला चार लोकांत मोठ्यानं आजाराचं नाव घेऊन हाक मारली, कुणाला गजकर्णाचं मलम देऊन परत पाठवलं. आत्याही दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात गेली होती, हे मला नंतर कळलं. तिला मलम मिळालं होतं. बाही वर करायला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मनगटावरचा छोटा डाग दाखवला आणि मोठा दाखवला नाही. अशा माणसाची माफी मागा. चूक तुमची नसली तरी मागा, आणि ‘आता मी सोबत असेन’ म्हणा. मेडिकलमधून परस्पर आणलेली मलमं मात्र बंद करा. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असतं, त्यानं डाग दबतो आणि डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं.

हत्तीरोगाचं थोडं वेगळं आहे

महाराष्ट्रातल्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत सोलापूरचं नाव आहे. इथं उशीर होतो तो रात्रीमुळे. हा आजार जंतानं होतो आणि त्या जंताची पिल्लं रात्रीच रक्तात वर येतात, म्हणून तपासणीचं रक्त रात्री साडेआठ-नऊनंतर घ्यावं लागतं. रात्री दारात सुई घेऊन आलेल्या माणसाला कोण हात देईल? म्हणून मी दिवसा जाऊन सांगून ठेवते आणि रात्री टीमच्या पुढं मी चालते.

पाय सुजायच्या आधी वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही, त्यामुळे मोहिमेतल्या गोळ्या लोक हातात घेतात आणि फडताळात ठेवतात. जेवण झालेल्या माणसाला समोर गिळायला लावा. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि फार आजारी माणसाला त्या द्यायच्या नाहीत. गोळीनंतर कुणाला ताप, डोकेदुखी आली तर ते अंगातले जंत मरत असल्यानं होतं, हे आधीच सांगून ठेवलं की अफवा उठत नाही.

पुरुषांचं अंडवृद्धीचं दुखणं तर धोतराखाली वीस-वीस वर्षं लपतं. बायकोलाच माहीत असतं. तिला सांगा की ऑपरेशननं बरं होतं. सुजलेला पाय पूर्ण ओसरत नाही, पण रोज रात्री साबणानं धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, पाय उशीवर ठेवून झोपलं तर ताप आणि लाली घेऊन येणारे झटके पुष्कळ कमी होतात.

जिथं समजूत घालायला वेळ नसतो

वर लिहिलेलं सगळं धीरानं करायचं. साप चावला किंवा कुत्रं चावलं तर त्यातलं काहीही करत बसू नका. साप चावला की आधी १०८. घट्ट बांधायचं नाही, चिरायचं नाही, हातपाय हलवू द्यायचा नाही, कोंबडी-मांत्रिक नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवरही तेच एक औषध दवाखान्यात आहे, सापाला मारून नेण्यात वेळ घालवू नका. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात अचानक कळ आली, पापण्या जड झाल्या, तर चावल्याची खूण नसली तरी मण्यारीचा संशय घ्या. कुत्रं चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, तिखट-चुना-हळद लावू नका, आणि त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन. पिसाळल्याची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. आई रडली तरी चालेल, पोराला उचला.

नेण्याचा दिवस, आणि पुढचे महिने

चिठ्ठी देऊन पाठवू नका, सोबत जा. आदल्या दिवशी आरोग्य केंद्रात फोन करून डॉक्टर आहेत ना विचारा, आणि ‘पेशंट आणतेय, आत घेऊन तपासा’ एवढं सांगून ठेवा. आधारकार्ड, आधीचे कागद, वापरलेल्या मलमाची ट्यूब बरोबर घ्या. सैल बाहीचे, सहज निघणारे कपडे घालायला सांगा. डबा घ्या, सकाळचा नंबर दुपारपर्यंत लांबतो आणि भुकेलं माणूस उठून जातं. आत शिरल्यावर तुम्हीच म्हणा, “साहेब, आणखी एक चट्टा आहे, पाठीवर.” पेशंट सांगत नाही.

पहिला डोस समोरच देतात. बाहेर आल्यावर जिन्यावर बसवून चार गोष्टी सांगा, कारण औषध मध्येच सुटतं ते यांमुळेच. लघवी लाल होईल, ते रक्त नाही, गोळीचा रंग आहे. कातडी काळपट पडेल, बायकांना याचं फार वाईट वाटतं. औषध संपल्यावर काही महिन्यांत ती परत उजळते. अंगभर पुरळ, ताप, डोळे पिवळे झाले तर गोळ्या थांबवून लगेच यायचं. आणि चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपराची नस ठणकली, डोळा लाल झाला, बोटांतली ताकद गेली, तर ते औषधाचं वाईट नव्हे. गोळ्या चालू ठेवून त्याच दिवशी दाखवायचं, कारण हात वाचायचा तो याच दिवसांत. कोर्स सहा महिन्यांचा किंवा बारा महिन्यांचा. घरातल्यांना तपासून बचावाचा एकच डोस देतात, तोही चुकवू नका.

आत्याला बारा महिन्यांचा मिळाला. दर २८ दिवसांनी मी तिला नवं पाकीट नेऊन द्यायचे आणि रिकामं मोजून परत आणायचे. ती काळवंडली, चिडली, एकदा पाकीट पिठाच्या डब्यात लपवून ठेवलं. नातीचं लग्न त्याच वर्षी झालं. करंगळी सरळ झाली नाही. भाकरी आता ती उलथन्यानं उलटते, तवा फडक्यानं धरते, आणि दवाखान्यातून मिळालेली मऊ तळव्याची चप्पल घरातही घालते. रात्री जेवणं झाली की नातू मोबाईलची बॅटरी लावून तिचे तळहात आणि तळपाय बघतो, कुठं फोड, कुठं काटा. मागच्या आठवड्यात टाचेत बाभळीचा काटा निघाला. तिला कळलं नव्हतं, त्याला दिसला.